पाण्यावाचून पातळ

नाथाजी हवालदार पहिल्यांदा दारात आला तेव्हा धोंडुबाईनं त्याला सरळ दारुडा ठरवून टाकलं होतं. आज कुणी तो विषय काढला की ती पदर तोंडात कोंबून अशी हसते, की खुराड्यातल्या कोंबड्यासुद्धा दचकतात.

पण तुम्हीच सांगा, बाईमाणसाला काय वाटणार? भर दुपारी एक गडी अंगणात येतो. डोळे लालभडक. उभ्या उभ्या जरासा डुलतो. घरमालकिणीला रामराम घालायचा सोडून तुरेवाल्या कोंबड्याला घालतो, तोही अगदी मान लववून. आणि मग कौलांकडं बघत, झोपेत बोलावं तसं म्हणतो, "खोली हाय असं कळलं."

"खोली न्हाई," धोंडुबाई म्हणाली. "आन् असली तरी न्हाई."

आता डोळे लाल का, तर कुपवाडच्या कारखान्यांच्या वसाहतीत नानासोंचं वर्कशॉप होतं, तिथं तो जुन्या पंपांचा गंज काढायचा. तेजाबाची कुंडी, तिचा धूर, मग डोळ्यांचं काय होणार? डुलायचा का, तर पलटणीत सगळी नोकरी गाड्यांच्या वर्कशॉपात काढलेली, चालू इंजिनाजवळ उभं राहून अंगाला तो ठेकाच लागलेला. कोंबड्याला रामराम का, ह्याला मात्र कारण नव्हतं. तो तसाच होता. कोरेगावकडचा गडी, बायको कवाच गेलेली, ऊस भावांच्या हवाली करून एक ट्रंक आणि एक पितळी तांब्या घेऊन पोटामागं सांगलीकडं आलेला.

तर "न्हाई" ऐकून तो वळला खरा, पण गेला नाही. पडवीच्या कोपऱ्यात गोणपाट टाकलेलं काहीतरी होतं. त्यानं गोणपाट उचललं. खाली शिवणाचं पायमशीन, गेरूत घोळून काढावं तसं तांबडंलाल. हवालदारानं त्याच्या मानेवर हात ठेवला आणि चक्क कान लावला.

"ह्येच्यात जीव हाय अजून," तो म्हणाला.

धोंडुबाई काठी शोधत होती. पण आतनं तिची लेक पद्मा उंबऱ्यापर्यंत आली होती, आणि तिच्या तोंडाकडं बघून धोंडुबाईचा हात तिथंच राहिला.

"आई," पद्मा म्हणाली, "खोली दे ह्यास्नी."

त्या मशीनचं असं होतं. पद्मा दिली होती पाटणच्या अंगाला. नवरा मधु कोयनेच्या धरणावर कामाला, म्हणून दोघं कोयनानगरच्या वसाहतीत राहायची. भूकंप झाला त्या पहाटे पद्माला झोपेत मशीन वाजलेलं ऐकू आलं. कात्री, रिळं, पायपट्टा, सगळं खटखटतंय, चाक आपलं आपण फिरतंय. तिला वाटलं, कुणीतरी आपल्यासाठी नवा झंपर शिवतंय. कोण ते बघावं म्हणून ती अर्धवट झोपेत उठून दाराशी गेली, आणि मागं भिंत बसली. मधु त्या भिंतीखाली राहिला. मशीनही राहिलं. पुढं कितीतरी पावसाळे ते तिथंच एका पत्र्याखाली कोयनेच्या पावसात भिजत होतं. शेवटी कुणा ओळखीच्यानं ट्रकात घालून ते कुपवाडला आणून टाकलं. भंगारवाला दारावर आला की पद्मा मशीनपुढं जाऊन उभी राहायची. आणि अधूनमधून पहाटे उठून सांगायची, "आई, आज पुन्हा वाजलं."

तर हवालदाराला खोली मिळाली. भाड्यापेक्षा बोली मोठी होती. "मशीन चालू करून द्याचं," धोंडुबाईनं बजावलं. "न्हाईतर ट्रंक उचलायची. आन् दारू प्यायची न्हाई."

"मी पीत न्हाई."

"मग कोंबड्याला रामराम कशाला घातला?"

"त्यानं आदी घातला," हवालदार म्हणाला.

पावसाळा सरत आला तसा पद्माच्या दिराचा, सयाजीचा, निरोप आला. दसऱ्याला वहिनीला न्यायला येतो, उसाच्या भांगलणीला माणसं मिळत नाहीत. सयाजी वाईट माणूस नव्हता बरं का. फक्त शेतावर किती हात लागतात हे मोजताना तो वहिनीचे दोन धरूनच मोजायचा. पद्माच्या मनात वेगळंच होतं. मिरजेच्या एका कापडवाल्यानं शाळेच्या पोरांच्या गणवेशांचं शिवण देतो म्हणून सांगितलं होतं, मशीन असेल तर. म्हणजे मशीन चाललं तर पद्मा कुपवाडात, आपल्या पायावर. नाही चाललं तर पाटणला, खुरपं घेऊन. इतकं सरळ होतं सगळं. म्हणून तर धोंडुबाईला झोप लागत नव्हती.

हवालदाराला मात्र झोपच झोप. म्हणजे बघणाऱ्याला तसं वाटायचं. कामावरनं आला की पडवीत बसायचा, मशीनचं एकेक चाक, एकेक दातेरी भाग हातात घ्यायचा आणि कोंबड्यांकडं बघत राहायचा. चहा समोर निवून जायचा.

त्यानं पहिल्यांदा चिंचेचा कोळ केला. एक दातेरी चाक त्यात भिजवलं. सकाळी काढलं तर रुपयासारखं लखलखीत! पद्मा टाळी वाजवणार, तेवढ्यात धुतलेल्या पाण्याचा थेंब सुकायच्या आत चाकावर तांबूस लाली चढली. नव्या नवरीसारखं लाजलंच ते. मग लिंबं पिळून झाली, तेच. मग हवालदार बाजारातनं पांढऱ्या खड्यांची एक पुडी घेऊन आला. ऑक्झॅलिक. तेही आंबटच, पण विषारी. धोब्याच्या दुकानात कापडावरचा गंजाचा डाग काढायला वापरतात ते. पाण्यात कालवून बघितलं, तर गंज सुटला, पण जागेवर पिवळी खपली धरून बसली.

"आंबट गंज खातंय," तो पडवीला सांगावं तसं म्हणाला. "पाणी पुन्हा गंज देतंय. आंबट पायजे आन् पाणी नको. आता पाण्याबिगर आंबट वतायचं कशात?"

"नानासोला इचारा की," धोंडुबाई म्हणाली.

"त्येंनी सांगितलं तेजाबात टाक. तेजाब गंज खाईल, आन् संगं दातंबी खाईल. मग चाक घेऊन काय पोरास्नी भवरा करून द्यायचा?"

एवढं झालं आणि नवरात्र तोंडावर आलं. घट बसायच्या आधी धोंडुबाई घर असं काही झाडते, की मुंग्यासुद्धा बिऱ्हाड हलवतात. कौलं झाली, भिंती सारवून झाल्या, मग ती पडवीतल्या फळीवर चढली. फळीवर ही गर्दी! एक डबा तिच्या विलायती कोंबड्यांच्या पावडरीचा. कोलीन की काय नाव होतं. ती खाद्यात मिसळली नाही तर पिल्लांचे पाय वाकडे होतात, असं ढोरांच्या डॉक्टरनं सांगितलेलं. जराशी सुकटीसारखी वास मारायची. शेजारी हवालदाराची ऑक्झॅलिकची पुडी. डबा गंजून फुटायला आलेला, पुडी फाटायला आलेली. दोन्ही पांढरं, दोन्ही खडे खडे.

धोंडुबाईनं विचार केला, म्हणजे केलाच नाही. लोणच्याची रिकामी चिनीमातीची बरणी घेतली, दोन्ही तिच्यात ओतलं, लोखंडी पळीनं दाबून दाबून बसवलं आणि बरणी खिडकीत ठेवली, हवालदाराच्या तांब्याच्या अगदी शेजारी. पळी काढायची राहून गेली.

सकाळी झाकण उचललं तर पावडर नाहीच! बरणीत दाट, नितळ, काचेसारखं काहीतरी. साखरेचा पाक तारेवर यावा तसं.

मग जे काय सुरू झालं, ते गल्लीनं ऐकलं.

"हवालदार! तांब्या लवंडला तुमचा!"

"न्हाई लवंडला."

"मग हे पाणी कुटनं आलं? आबाळातनं? माज्या कोंबड्यांची पावडर गेली की वो समदी!"

"आन् माजी पुडी? ती हितं कोणी वतली?"

धोंडुबाईनं तो प्रश्न ऐकलाच नाही. असले प्रश्न तिला ऐकू येत नाहीत.

"जागंपणी झोपणारा माणूस तुमी," ती म्हणाली. "हात लागला आसंल. तांब्या लवंडला आसंल."

"बाई, आमी लडाखात तांब्याभर पाण्यावर दिवस काढल्यात. सांडायची सवय न्हाई."

"आजपास्नं तांब्या खिडकीत ठेवायचा न्हाई. खाली, कोपऱ्यात. झालं!"

हवालदारानं तांब्या उचलून कोपऱ्यात ठेवला. कोपऱ्यातल्या तांब्यात कोंबड्या चोच घालतात, हे त्याला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. मग त्यानं बरणीतली पळी वर ओढली, आणि तसाच थांबला.

तो थांबला तो थांबलाच. उन्हाची तिरीप खिडकीतनं खाली उतरून जमिनीवर आली, तरी गडी पळीकडं बघतोय. ओठांवर कसलंतरी हसू, डोळे कुठल्याकुठं. धोंडुबाईनं चुलीपासनं डोकावून पाहिलं आणि तिची खात्रीच पटली. ह्यानं बरणीतलं तोंडाला लावलं!

ती धावत आली आणि त्याच्या पाठीत गुद्दा घातला. "थुका! आदी थुका!"

"काय थुकू?"

"पिलासा न्हवं?"

"बाई," हवालदार हळूच म्हणाला, "पळी बघा."

पळीचा वरचा भाग जसा होता तसा, गंजका. आणि जिथवर ती बरणीत बुडाली होती तिथवर राखाडी, स्वच्छ, नवी. मधी सुतानं आखल्यासारखी रेघ. आणि ती पळी इतका वेळ त्याच्या हातात होती, वाऱ्यावर, तरी लाजली नव्हती.

"आंबट त्येच हाय," तो म्हणाला, "पर पाण्यात न्हाई. तुमची कोंबड्यांची पावडर म्हंजी एका जातीचं मीठच. हे मीठ आन् हे आंबट, दोगंबी कोरडी, ताठ. शेजारी आली आन् दोगांचाबी ताठा गेला. एकमेकांतच इरघळली."

"बरणीत लगीन लावताय व्हय?" धोंडुबाई म्हणाली. "आन् लगनाला पाणी तुमच्या तांब्यातलं!"

पद्मा तोंडाला पदर लावून हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

पुढचे दिवस कसे गेले ते त्या घरात कुणालाच नीट आठवत नाही. आत देवापुढं घट बसलेले, मातीत धान पिवळंपोपटी उगवत चाललेलं, अखंड दिव्याचा वास. बाहेर पडवीत बरणी ऊन खात बसलेली. तिच्यात आज हे चाक, उद्या तो दांडा. ऊन चढलं की तो पाक जरा सैल व्हायचा, सांजेला पुन्हा घट्ट. सुरवातीला काचेसारखा होता, मग मधासारखा झाला, मग पिवळट-हिरवा, शेवाळातनं ऊन दिसावं तसा. पद्मा त्यात बघत बसायची. तिला वाटायचं, गंज सुटत नाहीय, ते सगळे पावसाळेच एकेक करून विरघळतायत.

हवालदारानं बरणीला कुणाला बोट लावू दिलं नाही. धोंडुबाईची लोणच्याची बरणी कायमची बाद झाली, त्याचाही हिशोब तिनं तांब्याच्याच नावावर घातला. एकेक भाग बाहेर निघाला की तो पुसायचा, कढत सोड्याच्या पाण्यातनं पटकन काढायचा, तव्यावर कोरडा करून तेलात सोडायचा. दाते सगळे शाबूत. मशीनची मान मात्र बरणीत मावत नव्हती, आणि तिच्यावरची सोनेरी वेलबुट्टी जपायची होती. मग त्यानं कोंबडीचं पीस घेतलं आणि आतल्या जाम झालेल्या दांड्यावर तो पाक पिसानं लावला. तिथंच त्याची खरी करामत दिसली. पाणी असतं तर ओघळून गेलं असतं. हा आपला लावला तिथं बसून राहिला, बोळक्यातल्या मधासारखा, आणि निवांत आपलं काम करत राहिला.

एका सकाळी चहा पिताना हवालदार म्हणाला, "सपान पडलं. कोयनेच्या धरणात पाणीच न्हाई. समदं हेच भरलंया. आन् मशीन वर तरंगतंय, आन् तुरेवाला कोंबडा शिवतोय."

"काय शिवत हुता?" पद्मानं विचारलं.

"माजा सदरा. पर बटनं मागनं लावली."

"मामा, मलाबी पडलं," पद्मा म्हणाली. "पर माज्यात आवाज न्हवता. नुसतं चाक फिरत हुतं." आवाज नाही ह्याचं तिला भ्या वाटत होतं.

मशीन जोडून झालं, पण चाक हलेना. खंडेनवमी उद्यावर आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा. कुपवाडच्या वसाहतीत लेथना, ड्रिलना झेंडूच्या माळा, वर्कशॉपच्या दारात नारळ, आणि त्या दिवशी हत्याराला काम लावायचं नाही. धोंडुबाईनं पाटावर कोयता, विळी, खुरपं मांडलं. पद्मानं विचारलं, "मशीन?"

"जे चालत न्हाई त्येची पूजा न्हाई," धोंडुबाई म्हणाली. म्हणाली खरी, पण पाटावरच्या त्या खुरप्याकडं तिला बघवेना.

हवालदारानं पुन्हा पिसानं पाक लावला. दुपारचं ऊन मशीनच्या मानेवर येईल असं ते अंगणात ओढलं, आणि तिघंही जवळ बसली. कोंबड्या धुळीत पंख पसरून लवंडल्या होत्या. वसाहतीतला भोंगा झाला. बसल्या बसल्या धोंडुबाईचा डोळा लागला, आणि त्या डुलकीत तिला पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला, जो आजवर फक्त पद्माला यायचा. खट. मग जरा थांबून, खट खट.

तिनं डोळे उघडले. पद्माचा हात चाकावर होता. चाक बोटभर पुढं गेलं होतं. मग आणखी बोटभर. मग हवालदारानं तेलाची कुपी वाकवली, आणि चाक एक पूर्ण फेरा फिरून आलं.

"आता थांब, पद्मे," धोंडुबाई ओरडली. "उद्या पूजा करू! परवा चालीव!"

खंडेनवमीला झेंडूची सगळ्यात मोठी माळ मशीनला पडली. बाजूला एक लहान माळ हवालदारानं कोंबड्याच्या गळ्यात घातली, ती कोंबड्यानं खाल्ली.

दसऱ्याला दुपारी सयाजी आला. हातात पिशवी, अंगात नवा सदरा, बाहीची शिवण उसवलेली. दारात आला आणि थबकला. आतनं आवाज येत होता. खटखट खटखट खटखट. तो आवाज सयाजीनं भावाच्या घरी ऐकला होता.

"येताय न्हवं, वहिनी?" त्यानं विचारलं.

पद्मानं मान वर केली नाही. "बसा, भावजी. एवढी बाही संपवती. मग तुमची घेती शिवायला." पाय चालूच होते. मांडीवर कापडवाल्यानं सकाळीच धाडलेल्या गणवेशांचा ढीग.

सयाजी बसला. पुरणपोळी जेवला. बाही शिवून घेतली. जाताना आपट्याची पानं वहिनीच्या हातावर ठेवून म्हणाला, "लय गोड आवाज हाय मशीनचा. चालू द्या." आणि एकटाच एस.टी.ला गेला.

संध्याकाळी गल्ली सोनं द्यायला-घ्यायला आली. मशीन बघायला जरा जास्तच आली. धोंडुबाई मधोमध बसून सांगत होती, "मीच वतलं की बरणीत! मी पावडर वतली, ह्येंच्या तांब्यानं पाणी वतलं, म्हणून तर झालं. समदं गुण तांब्याचं."

हवालदार दाराला टेकून अर्धवट डोळे मिटून उभा होता. त्यानं एक डोळा उघडला.

"तांब्या लवंडला न्हवता."

"लवंडला."

"न्हवता."

"मग दावा की!"

हवालदार आत गेला. चुलीच्या उबेवर ठेवलेली कोरडी खडखडीत बाटली घेऊन आला. मिरजेच्या दुकानातली कोंबड्यांच्या पावडरीची न उघडलेली पिशवी धोंडुबाईच्या हातात दिली. "तुमीच फोडा." ऑक्झॅलिकची नवी पुडी दिली. "ह्येबी तुमीच." दोन्ही तिच्याच हातानं बाटलीत गेलं, फडक्यानं पुडी धरून. बूच घट्ट बसवलं, वरनं मेण लावलं. "आता मांडीवर घिऊन बसा. माजा तांब्या तिकडं कोपऱ्यात हाय. नजर ठेवा त्येच्यावर."

धोंडुबाई बाटली पदरात गुंडाळून बसली, अगदी खुडूक कोंबडी अंड्यावर बसते तशी. गल्लीतल्या बाया भोवतीनं. पद्मानं दिवा लावला. सोनं वाटून झालं, चहा झाला, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत तेही बोलून झालं. तांब्या कोपऱ्यात, हवालदार दारात. दोघांनीही जागा सोडली नाही.

"बघा आता," हवालदार म्हणाला.

धोंडुबाईनं पदर बाजूला केला. बाटलीच्या बुडाशी खडे ओले दिसत होते. तिनं बाटली हलवली. खडे घसरले, एकमेकांवर लोळले, आणि बघता बघता बुडाशी एक नितळ वाटोळं डबकं साठलं. दिव्याची ज्योत त्यात उलटी दिसली. कुणी शिकलेला म्हणेल, खड्याच्या पोटातसुद्धा थोडं पाणी असतंच. असेल बापडं. पण ते तांब्यातलं नव्हतं.

धोंडुबाईनं मेण बघितलं. बूच बघितलं. बाटली उलटी करून बघितली. आपला पदर चाचपला, कोरडा. मग कौलांकडं बघितलं.

"बरं," ती कौलांना म्हणाली. "न्हवता लवंडला."

"काय म्हणालासा?"

"न्हवता म्हटलं की! आता काय दवंडी पिटू?"

"नगं," हवालदार म्हणाला. "गल्ली हितंच हाय."

सगळ्या बाया हसल्या, पद्मा सगळ्यात मोठ्यांदा. हवालदार कोपऱ्यात गेला, तांब्या उचलला, घासून धुतला, काठोकाठ भरला, आणि एक थेंबही न सांडता परत आणून खिडकीत ठेवला.